मिटायची लोखंडी विळी: लाल भोपळ्याच्या परीक्षेत किती मार्क?

आधीच सांगून टाकते, विळी मस्त आहे, घ्या, फक्त अख्ख्या भोपळ्याचा पहिला घाव तिच्यावर घालू नका. ज्यांना एवढंच हवं होतं ते इथूनच सुटले, बाकीच्यांनी बसा, कारण मला या विषयावर बरंच बोलायचंय.

तर ही विळी म्हणजे पुण्यात बोहरी आळीत मिळते तसली मिटायची. खाली लोखंडी पाट, वर लोखंडी पातं, पात्याच्या टोकाला नारळ खवायची खवणी आणि बुडाशी एक जाड बोल्ट, ज्याच्यावर पातं फिरून पाटावर आडवं होतं. वजन दोन किलोच्या आसपास असेल आणि मी ते वजन बघूनच घेतली, कारण हलकी विळी भोपळ्यापुढे जागेवर राहत नाही, भोपळा ढकलला की तीच पुढे पळते. घासाघीस करून ४५०च्या आत पडली. दुकानाचं नाव लिहीत नाही, त्या गल्लीत चार पावलांवर अशीच दुकानं आहेत आणि सगळ्यांकडे जवळपास हाच माल असतो, उन्नीस-बीसचा फरक. फक्त घेताना पातं उघडून पाटावर पाय दाबून बघा, पातं डावी-उजवीकडे हललं तर दुसरी काढायला सांगा. दुकानदार "ताई वापरून वापरून बसेल बरोबर" म्हणेल. नाही बसत, उलट जास्त हलायला लागतं.

आता विळीचा रिव्ह्यू भोपळ्यावरच का, तर कांदा टोमॅटो भेंडी काय कशानेही चिरून होतात, दहा रुपयांच्या प्लास्टिक मुठीच्या सुरीनेही होतात. लाल भोपळा, सुरण आणि फणस या तिघांसमोर मात्र किचनमधली भारी भारी हत्यारं गुडघे टेकतात. आमच्याकडे गणपतीपासून जो भोपळा सुरू होतो तो थेट दिवाळीपर्यंत. ऋषीपंचमीच्या भाजीत तो लागतो, पितृपक्षात त्याची भाजी पानात लागते, मग नवरात्रात उपासाचं भरीत, आणि मधेच कुणाला तरी घारगे आठवतात. म्हणजे वर्षातले जवळपास दोन महिने कुणीतरी भोपळ्याशी झटतंच असतं.

सुरीचं सांगते. माझ्याकडे बरी जर्मन स्टीलची शेफ नाईफ आहे, लग्नात कुणीतरी दिलेली, कांद्याला लोण्यासारखी चालते. पण भोपळा गोल, ओटा गुळगुळीत, सुरी वरून आत जाते अर्ध्यापर्यंत आणि तिथे जी रुतते ती ना खाली जात ना वर येत, मग लोक काय करतात तर सुरीच्या पाठीवर बत्ता हाणतात किंवा सुरीसकट भोपळा उचलून ओट्यावर आपटतात, आणि या भानगडीत बोट गेलं तर टाके ठरलेले. सगळा जोर मनगटावर येतो, एका हातात हत्यार, दुसऱ्या हाताने घसरती वस्तू धरलेली, आणि दोन्ही हलतायत. विळीवर हे उलटं होतं. पातं एका जागी पक्कं, तुमच्या पायाखाली दाबलेलं, आणि दोन्ही हात भोपळ्यावर. हलतो फक्त भोपळा, आणि तोसुद्धा तुमच्यापासून लांब, पुढच्या दिशेने. जोर खांद्यातून आणि पाठीतून येतो, मनगट बिचारं आराम करतं. विळ्या-भोपळ्याचं सख्य म्हणतात ते भोपळ्याच्या बाजूने बघून म्हणत असावेत, आपल्या बाजूने बघितलं तर ही जोडी फार छान जमते.

पण, आणि हा पण मोठा आहे, अख्खा भोपळा विळीवर मावत नाही. मिटायच्या विळीचं पातं पाटापासून उंचीला जेमतेम वीतभर, तीन किलोचा भोपळा त्याच्यापुढे धरला तर नुसतं वरचं साल ओरबाडलं जातं आणि पात्यावर आडवा ताण येऊन तो बोल्ट सैल होतो. विळी लूज पडली म्हणून जी तक्रार असते ना सगळ्यांची, त्यातल्या अर्ध्या विळ्यांवर अख्खे भोपळे नाहीतर अख्खे नारळ आपटलेले असतात.

म्हणून पहिला घाव जाड सुरीने किंवा कोयत्याने, खाली जमिनीवर बसून. एका जुन्या फडक्याची चुंबळ करायची, डोक्यावर हंडा घ्यायला करतात तशी, ती किंचित ओली करून त्याच्यावर भोपळा बसवायचा म्हणजे तो गडगडत नाही. देठ कापायच्या फंदात पडायचं नाही, देठ लाकडासारखा असतो, सुरीची धार जाते. देठाच्या शेजारी जी खाच असते, दोन फुगवट्यांच्या मधली, तिथे सुरीचं टोक टेकवून दाबायचं. हाणायचं नाही, दाबायचं. टोक आतल्या पोकळीत गेलं की आपल्याला कळतं, एकदम हलकं लागतं, मग मूठ खाली आणत त्या खाचेतून खालपर्यंत चिरत यायचं, सुरी काढून भोपळा फिरवायचा आणि समोरच्या खाचेतून तसंच. शेवटी देठाजवळ आणि बुडाशी थोडं जोडलेलं राहतं ते हातानेच ओढलं की कटकन दोन भकलं होतात, देठ कुठल्यातरी एका भकलाकडे जातो, जाऊदे. हे दोन मिनिटांचं काम आहे.

आमच्याकडे यात एक धार्मिक विधी पण आहे. सासूबाईंचं माहेर साताऱ्याकडचं, त्यांच्यात अख्खा भोपळा बाईने फोडायचा नाही, आधी घरातल्या पुरुषाने सुरी लावायची. सो नवरा टीव्हीसमोरून उठून येतो, सुरीचं टोक टेकवतो, "झालं?" विचारतो आणि परत जातो. घाम उरलेल्यांनी गाळायचा. मी एकदा आईंना म्हटलं की त्याला पूर्णच चिरायला सांगूया ना मग, तर त्या म्हणाल्या "छे, त्याला काय येतंय, हात कापून घेईल."

आणि हे सगळं नको असेल तर सरळ फोड आणा ना. घरात चार माणसं असतील तर तीन किलोचा भोपळा संपवणं ही शिक्षाच आहे, दोन दिवसांनी पोरं भोपळा बघून पळून जातात. मंडईत अजूनही बायका मोठा भोपळा पुढ्यात ठेवून बसलेल्या असतात, अर्धा किलो म्हटलं की एका फटक्यात अर्ध्या किलोची फोड काढून देतात, काट्यावर टाकली की दहा-वीस ग्रॅम इकडेतिकडे. ती मंडईची दगडी इमारत १८८६ सालची, तेव्हा तिचं नाव रे मार्केट होतं, आणि गंमत म्हणजे तिच्यावर एवढा खर्च करायला नगरपालिकेत विरोध करणारे जोतीराव फुले, आणि आज तिचं नाव महात्मा फुले मंडई. असो. फोड घ्यायचा फायदा हा की आतलं दिसतं. गर गडद केशरी पाहिजे, फिकट पिवळा असेल तर भाजी पाणचट होते आणि गूळ जास्त मागते. बिया भरलेल्या, टपोऱ्या पाहिजेत, चपट्या बिया म्हणजे कोवळाच तोडलाय. आणि आतले दोरे ओले चमकदार पाहिजेत, बुळबुळीत झाले असतील किंवा आंबूस वास येत असेल तर ती फोड कालची नाही, परवाची आहे, सरळ नको म्हणायचं.

अख्खा घेताना मात्र बाहेरून ओळखायला लागतो. देठ असलेलाच घ्यायचा, देठ तुटला की तिथूनच सडायला सुरुवात होते. देठ वाळून बुचासारखा झालेला, सालीत नख रुतत नाही, आणि आकाराच्या मानाने हाताला जड, असा भोपळा पिकलेला. एका बाजूला पिवळट डाग असतो तो जमिनीवर टेकलेल्या जागेचा, त्याला घाबरायचं काही कारण नाही. असा न चिरलेला भोपळा हवेशीर कोरड्या जागी दोन-तीन महिने आरामात राहतो, गावाला माळ्यावर ठेवतात तो उगाच नाही. एकदा सुरी लागली की मात्र फ्रीजमध्ये चार-पाच दिवस, ते पण बिया आणि दोरे आधी काढून टाकले तर. सगळ्यात आधी नासतो तो मधला गाभाच, आणि लोक नेमकी फोड गाभ्यासकट प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवतात.

बरं आता विळीवर येऊ. भकलं झाली की आतला गाभा काढायचा. चमच्याने निघतो, पण मी खवणीने खरवडते. पात्याच्या टोकाची ती दातेरी खवणी, भकल तिच्यावर पालथं धरून गोल फिरवलं की दोरे भराभर सुटून खाली ताटात पडतात. थोडा गरही जातो त्याच्याबरोबर, हलक्या हाताने करायला लागतं. हा वापर दुकानदाराने सांगितला नव्हता, पण माझ्या मते या विळीचा अर्धा पैसा इथेच वसूल.

मग भकलाच्या लांबट फोडी. पाटावर उजवा पाय, डावा गुडघा मुडपून, पातं आपल्याकडे तोंड करून. भकल दोन्ही हातांनी धरून खाचेखाचेतून पुढे ढकललं की दोन-तीन बोटं रुंदीच्या होडीसारख्या फोडी पडतात. इथे या लोखंडी पात्याची खरी मजा कळते. पातं बुडाशी जाड आणि धारेकडे पातळ आहे, त्यामुळे ते नुसतं चिरत नाही तर पाचरीसारखं फोडतं, पातं अर्ध्यात गेलं की पुढचा भोपळा आपसूक उकलतो आणि कर्र असा आवाज येतो. पातळ स्टीलच्या विळीवर हे होत नाही, तिथे शेवटपर्यंत ढकलावं लागतं आणि पातं मधेच लवतं.

साल काढताना फोड आडवी दोन तुकड्यांत करून घ्यायची, लांब फोडीची साल काढायला जाऊ नका, ती वाकडी असल्याने एकतर साल जाड निघते नाहीतर हात पात्याकडे जातो. तुकडा असा धरायचा की साल उजव्या अंगाला आणि गर डाव्या अंगाला, आणि तो पात्यावर पुढे सरकवायचा, साल पट्टी होऊन पडते. बोटं कायम गराच्या मागे. शेवटच्या इंचभराला घाई करायची नाही, तिथे तुकडा उलटा फिरवून दुसऱ्या टोकाकडून यायचं. सालीखालचा हिरवट थर पण थोडा जाऊ द्यायचा, तो शिजायला हट्टी असतो.

हाताला तेल लावून बसा हे लिहायचं राहिलंच. भोपळ्याचा चीक दिसत नाही, पण वाळला की बोटांवर पापुद्रा धरल्यासारखा होतो, कातडी ओढली जाते, काहींना खाजही येते. सुरणाला लावतो तसं दोन थेंब खोबरेल पुरे. जास्त नको, नाहीतर पकड सुटेल आणि मग भोपळा राहील बाजूला.

किलोची फोड घेतली तर साल, बिया, गाभा जाऊन साधारण ७०० ग्रॅम हातात येतो, हे लक्षात ठेवून आणा. यावरूनच त्या ऑनलाइन पाकिटाचं सांगते. दहा मिनिटांत घरपोच आणून देणाऱ्या एका ॲपवरून सोललेल्या, चौकोनी कापलेल्या भोपळ्याचं पाकीट मागवलं होतं, पाव किलोचं, नाव घेत नाही. फोडी सगळ्या सारख्या, फोटोत झकास. पण पाकिटाच्या तळाला पाणी सुटलेलं, फोडींच्या कडा बुळबुळीत, आणि तुकडे बारीक असल्याने भाजीचा गरगट झाला. कस्टमर केअरवाल्याने पैसे परत दिले, त्याच्याशी भांडण नाही. पण हिशोब बघा, बाजारात सुटा भोपळा ३०-४० रुपये किलो असतो, पाकिटाच्या पैशात अख्ख्या आठवड्याचा भोपळा येतो. एकट्या राहणाऱ्या पोरापोरींना, ज्यांच्याकडे धड सुरी पण नाही, त्यांना ठीक आहे, पण त्याच दिवशी शिजवा आणि भाजी न करता सार किंवा सूप करा.

सोलाण्याचं एका वाक्यात, इंग्रजी वाय आकाराचं असेल तर फुगवट्यावरची साल बरी निघते पण खाचांमध्ये शिरत नाही, आणि साधं सरळ सोलाणं तर त्या गुळगुळीत सालीवरून नुसतं सटकतं. मायक्रोवेव्हमध्ये फोड दोन-तीन मिनिटं फिरवून साल मऊ करून घ्यायची युक्ती चालते, खरंच चालते, पण मग कडा शिजून जातात, भाजीला उपयोग नाही, भरताला चालेल.

आणि प्रत्येक वेळी साल काढायचीच असं कुठे लिहिलंय? हे मला फार महत्त्वाचं वाटतं. घारग्यांसाठी भोपळा किसायचा असेल तर साल ठेवाच. सालीकडून धरायचं आणि गराकडून किसायचं, गर संपला की हातात साल उरते आणि बोटं किसणीला लागत नाहीत. तो कीस आणि त्याच्या पाऊणपट गूळ एकत्र गरम करायचा, गूळ विरघळून कीस मऊ झाला की उतरवून गार करायचा, मग त्यात मावेल तेवढी कणीक, दोन चमचे तांदळाचं पीठ, चमचाभर गरम तेलाचं मोहन, चिमूट मीठ, वेलची. पाण्याचा थेंब नको, भोपळ्यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं, गूळ घातला की ते सगळं बाहेर येतं. भरतासाठी तर सालीसकट मोठ्या फोडी कुकरला एक शिट्टी, आणि गर चमच्याने काढून घ्यायचा, मग दही, दाण्याचं कूट, मीठ, साखर आणि वरून तुपात जिरं-मिरचीची फोडणी. हे आमचं उपासाचं भरीत. तसं बघायला गेलं तर आपल्या उपासाच्या ताटातला बटाटा, रताळं, दाणे, मिरची, साबुदाणा ज्याचा करतात तो कंद आणि हा लाल भोपळा, सगळी मंडळी मूळची अमेरिकेची, काही शतकांपूर्वी इथे आलेली, आणि देवाने कुणालाच परत पाठवलं नाही.

साल काढायला लागते ती आमच्या पद्धतीच्या भाजीला, मेथीदाणे आणि हिंगाची फोडणी, गोडा मसाला, गूळ, ओलं खोबरं. तिथे फोडी मोठ्या पाहिजेत, इंच-सव्वा इंचाच्या, आणि पाणी न घालता झाकणावर पाणी ठेवून वाफेवर, सात-आठ मिनिटांत होते, जास्त ढवळायची नाही. पण साल पातळ असेल, नख लावल्यावर खूण उठत असेल, तर भाजीतही सालीसकटच टाका, फोडी अख्ख्या राहतात. माझी विदर्भातली मैत्रीण तर साल काढलेली बघून हसते, तिच्याकडे सालीसकटच करतात आणि त्याच भोपळ्याची गोड बोंडंही तळतात. सोललेल्या सालीही फेकू नका, विळीवर बारीक चिरून थोड्या तेलात कुरकुरीत करायच्या, तीळ, सुकं खोबरं, लसूण, तिखट, मीठ, कोरडी चटणी तयार, भाकरीबरोबर. बिया पाण्यात चोळल्या की वर तरंगतात आणि दोरे सुटतात, दोन-तीन दिवस वाळवून भाजायच्या. फक्त बाजारात हिरव्या मिळतात तशा त्या नसतात, त्या बिनटरफलाच्या असतात, आपल्याला टरफल सोलत बसायला लागतं. टीव्ही बघताना ठीक आहे.

अजून एक, चिरायला घेण्याआधी कच्च्या गराचा नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवून बघा. दुधीचं सगळ्यांना माहितीये, लाल भोपळा क्वचितच कडू निघतो, पण निघाला तर गूळ घालून झाकायचा नाही, सगळाच्या सगळा टाकून द्यायचा. तो कडूपणा कुकरबिटासिन नावाच्या विषारी द्रव्याचा असतो, शिजवून जात नाही, पोट बिघडतं आणि चांगलंच बिघडतं.

आता विळीच्या खोड्या, कारण नुसतं कौतुक केलं तर दुकानदाराची नातेवाईक वाटेन. पहिली खोडी गंज. लोखंडी पातं धुऊन तसंच ठेवलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी तांबूस. धुतलं की लगेच पुसायचं, आठवड्यातून एकदा तेलाचं बोट फिरवायचं. कैरी, टोमॅटो, लिंबू कापलं तर पातं काळं पडतं आणि फोडीलाही लोखंडी चव येते, त्यासाठी मी सुरीच वापरते, भोपळ्याला तो प्रश्न येत नाही. नवीन आणली तेव्हा पात्यावर काळपट ग्रीस होतं, गरम पाणी, साबण आणि राख लावून घासलं, आणि पहिले दोन बटाटे नुसते चिरून टाकून दिले.

दुसरी खोडी बोल्ट. महिन्या-दोन महिन्यांनी तो पाना घेऊन आवळावा लागतो, आणि त्याला वायसर एकच दिलंय, दोन हवी होती, हार्डवेअरच्या दुकानातून आणून मी घातलं. उघडल्यावर पातं लॉक होईल असा खटका पण नाही, सगळा भरवसा त्या बोल्टवर आणि तुमच्या पायावर. तिसरी, पाटाच्या खाली रबर नाही. आजकालच्या चकचकीत टाइल्सवर ती सरकते, खाली गोणपाट किंवा जुन्या योगा मॅटचा तुकडा टाकायलाच लागतो. पाटाच्या कडाही नीट घासलेल्या नाहीत, पायाला लागतात, पॉलिश पेपर मारा.

चौथी खोडी विळीची नाही, गुडघ्यांची आहे. आईंना आता खाली बसवत नाही, आणि या घरात भोपळा सगळ्यात सुंदर चिरणारं माणूस म्हणजे त्याच. ओट्याला अडकवायची विळी पण मिळते, स्क्रूने घट्ट करतात ती, तीही बघितली दुकानात. भाजी चिरायला चांगली, पण भोपळ्याला नाही, कारण उभं राहून ढकलताना जोर सगळा त्या स्क्रूवर येतो आणि ओट्याच्या ग्रॅनाइटची कड उडायची भीती. सध्या आई खुर्चीवर बसून सूचना देतात, आणि सूचनांना धार भरपूर आहे.

लहान मूल घरात असेल तर काम झाल्या झाल्या पातं मिटवून उंचावर ठेवा. मिटली तरी धार एका कडेने थोडी उघडी राहते, मी जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा चिरून तिच्यावर चढवलाय. डावखुऱ्यांना ही विळी चालते का असं बहिणीने विचारलं होतं, तर चालते, पाय बदलून बसायचं आणि साल डाव्या अंगाला घ्यायची, पातं मधोमध असल्याने काही फरक पडत नाही.

धार अजून लावून घ्यावी लागली नाही. आमच्या गल्लीत धारवाला सायकलवर चाक घेऊन यायचा तो हल्ली दिसत नाही, पण विळी जिथून घ्याल तिथेच विचारून ठेवा, बऱ्याच दुकानांत धार लावून देतात.

विळीला ५ पैकी ४ स्टार, कापलेला एक बोल्टचा. मंडईतल्या फोडीला ५ पैकी ५, पाकिटाला दीड, तोही पैसे परत मिळाले म्हणून. घ्यायला जाणार असाल तर शनिवार-रविवार टाळा, त्या भागात चालायलाही जागा नसते. सप्टेंबर २०२४ पासून मंडईला मेट्रोचं स्टेशन झालंय, तिथे उतरून चालत जाता येतं, जाताना मेट्रो एकदम बेस्ट. येताना मात्र पिशवीत वीतभर पातं घेऊन स्कॅनरसमोर उभं राहायची हौस करू नका, रिक्षा करा.